संस्थापक प्रशिक्षणाला जाताना : उजव्या पानाची वही

स्टार्टअप संस्थापकांसाठीच्या एखाद्या प्रशिक्षण कार्यक्रमाला जाण्याचे ठरले असेल, तर लॅपटॉपबरोबर दोनशे पानांची एक साधी, शिवलेली वही घ्यावी. वर्गात जे शिकवले जाईल ते डाव्या पानावर लिहावे आणि समोरचे उजवे पान रात्रीसाठी कोरे ठेवावे. रात्री त्या पानावर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे असते : आज शिकवलेली गोष्ट कोणी डोळे मिटून पाळली, तेव्हा या उद्योगात नेमके काय बिघडले आणि त्याची भरपाई कोणाच्या खिशातून झाली? दूध संकलन केंद्रांसाठी तयार केलेले सॉफ्टवेअर घेऊन मी बारा आठवड्यांच्या अशा एका कार्यक्रमाला गेलो होतो. तेथील डाव्या पानांवरचा बराचसा मजकूर वर्षभरात शिळा झाला. उजवी पाने मात्र आजही अधूनमधून उघडावी लागतात. पुढील सूचना त्याच वहीतून काढल्या आहेत.

अर्ज करण्यापूर्वी

या कार्यक्रमांचे ढोबळ दोन प्रकार आहेत आणि दोघांकडून ठेवायच्या अपेक्षा वेगळ्या आहेत. पहिला प्रकार इन्क्युबेटरचा. आयआयटी मुंबईमध्ये २००४ पासून चालणारे ‘साइन’ किंवा पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात असलेले ‘व्हेंचर सेंटर’ यांसारख्या संस्था जागा, प्रयोगशाळा, सल्ला आणि काही वेळा सरकारी निधीपर्यंतची वाट देतात. स्टार्टअप इंडियाची बीज निधी योजना २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यातील २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान अशा इन्क्युबेटरमार्फतच दिले जाईल, अशी रचना करण्यात आली. दुसरा प्रकार ॲक्सिलरेटरचा. त्याची मुदत तीन-चार महिन्यांची, गती जास्त, शेवटी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण आणि मोबदल्यात कंपनीतील हिस्सा. २००५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या वाय कॉम्बिनेटरने हा साचा रूढ केला; तेथे १ लाख २५ हजार डॉलरच्या बदल्यात ७ टक्के हिस्सा द्यावा लागतो आणि आणखी ३ लाख ७५ हजार डॉलर गुंतवणुकीच्या पुढील फेरीच्या अटींवर मिळतात. याशिवाय तिसरा एक प्रकार फोफावला आहे : संस्थापकाकडूनच भरघोस शुल्क घेणारी शनिवार-रविवारची शिबिरे. त्यांतील काही चांगलीही असतील, पण ज्या कार्यक्रमाची कमाई तुमची कंपनी चालण्यावर नव्हे, तर तुमच्या शुल्कावर होते, त्याला तुमची कल्पना वाईट आहे हे सांगण्याची निकड उरत नाही.

निवड करताना यशस्वी माजी विद्यार्थ्यांशी बोलून फारसे काही हाती लागत नाही. संस्थेकडे अशा तिघा-चौघांची यादी तयारच असते. त्याऐवजी ज्यांची कंपनी बंद पडली, अशा एका तरी माजी सहभागीचा पत्ता काढावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात : आकडे घसरल्यावर मेंटॉर फोन उचलत होते का, करारातील कोणते कलम नंतर टोचले, आणि कार्यक्रमात असताना आपण अशी कोणती गोष्ट बोललो जी खरी नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला मला मिळालेले उत्तर असे होते : “ग्राहक किती आहेत विचारलं, की मी प्रत्येक वेळी नोंदणीचा आकडा सांगायचो. वापरणारे किती, ते कोणी विचारलंच नाही.” वहीतील पहिले उजवे पान या वाक्याचे आहे.

सहसंस्थापक असेल तर हिस्सा, वेस्टिंग (तो हिस्सा टप्प्याटप्प्याने नावावर होण्याची अट) आणि कोणी सोडून गेल्यास काय, हे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच कागदावर आणावे. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. वकिलाचा एक तास पुरतो.

पहिल्या आठवड्यात

सुरुवातीचे दिवस बहुधा ग्राहकांच्या मुलाखतींचे असतात आणि माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. आपली कल्पना न सांगता, समोरच्या माणसाला त्याचा मागचा आठवडा कसा गेला हे विचारायला येथे शिकवतात. ही पद्धत मनापासून शिकावी. त्यात मी एक भर सुचवतो. ज्याच्याकडून पैसे मिळणार आहेत त्याची मुलाखत सगळेच घेतात. पण ज्याच्यावर सॉफ्टवेअरचा परिणाम होणार आहे आणि ज्याच्याकडून एक रुपयाही येणार नाही, अशा माणसाचीही मुलाखत घ्यावी. माझा ग्राहक दूध संस्थेचा सचिव होता. परिणाम मात्र पहाटे किटली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या उत्पादकावर होणार होता. त्याचे दूध मशीनवर तपासले जाते, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचे) आकडे येतात, दरपत्रकावरून लिटरचा भाव ठरतो आणि दहा दिवसांनी बिल निघते. पहिल्या आठवड्यात मी अकरा सचिवांशी बोललो आणि एकाही उत्पादकाशी बोललो नाही. ही चूक किती महागात पडते ते पुढे येईलच.

अर्धवट उत्पादन बाजारात उतरवण्याचा धडा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एमव्हीपी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. कमीत कमी सोयी असलेले उत्पादन लवकर ग्राहकाच्या हाती द्या, लाज वाटेल इतके कच्चे असले तरी द्या, असा तो उपदेश असतो. फेसबुकने २०१४ पर्यंत मिरवलेले घोषवाक्यही त्याच कुळातले : वेगाने पुढे जा, मोडतोड झाली तरी चालेल. हा सल्ला सरसकट खोटा नाही. वर्षभर खोलीत बसून घडवलेले उत्पादन कोणालाच नको असते, हेही अनेकांनी अनुभवले आहे. म्हणून डाव्या पानावर तो नीट उतरवून घ्यावा आणि उजव्या पानावर एक साधी छाननी करावी : हे सॉफ्टवेअर चुकले तर वापरणाऱ्याची केवळ गैरसोय होते, की त्याचे पैसे, आरोग्य किंवा अब्रू जाते? पहिल्या गटात कच्चेपण चालते. दुसऱ्या गटात ते चालत नाही आणि कोणते भाग दुसऱ्या गटात मोडतात हे पहिली ओळ लिहिण्यापूर्वी ठरवावे लागते.

या छाननीसाठी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचे उदाहरण जवळ ठेवावे. ती काही स्टार्टअप नव्हती, पण तिची गोष्ट प्रत्येक संस्थापकाला लागू पडते. १९९९ पासून तेथील टपाल शाखांमध्ये फुजित्सूने पुरवलेली ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवली गेली. प्रणालीतील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात प्रत्यक्षात नसलेली तूट दिसू लागली. करारानुसार तूट शाखाचालकाने भरून द्यायची होती. कोणी घर गहाण टाकले, कोणी दिवाळखोर झाले आणि २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबाच्या आरोपाखाली दोषी ठरले. तक्रार करणाऱ्यांना, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे, असे सांगितले जात होते. शाखाचालकाच्या नकळत त्याच्या हिशेबात दुरून बदल करता येतो, हे तर अनेक वर्षे नाकारले गेले. ५५५ शाखाचालकांनी एकत्र येऊन लढलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून शेकडो शिक्षा रद्द केल्या. दोष कोणत्या प्रणालीत नसतात? येथील अनर्थ घडला तो संगणकाचा आकडा आणि माणसाचा शब्द यांत तफावत दिसली की माणूसच खोटा, हे आधीच ठरलेले होते म्हणून.

हे मी वहीत लिहिले तेव्हा ते मला दूरच्या देशाचे वाटले होते. सहाव्या आठवड्यात आमचा पायलट, म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रायोगिक वापर, एका केंद्रावर सुरू झाला. चौथ्या दिवशी एका बाईंनी सचिवाला सांगितले की, पूर्वीपेक्षा फॅट कमी लागते आहे. सचिवाने मला फोन केला आणि मी कसलीही तपासणी न करता म्हणालो, “मशीन चुकत नाही, दुधातच फरक असेल.” दोन दिवसांनी त्या बाई घरची वही घेऊन आल्या. त्यांच्या मुलीने मशीनच्या पडद्यावरचा आकडा रोज उतरवून ठेवला होता. मशीन दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देत होते आणि आमचे सॉफ्टवेअर दुसरे स्थळ सरळ छाटून टाकत होते, ३.५८ चे ३.५ होत होते. जुना कारकून तेथे ३.६ धरीत असे. लिटरमागे फरक काही पैशांचाच होता, पण तो जवळजवळ सगळ्यांचा आणि दोन्ही वेळच्या दुधाचा होता. मागची सगळी बिले काढून आम्ही फरक भरून दिला. शाळकरी मुलीची वही नसती, तर माझे पहिले वाक्यच अंतिम ठरले असते.

तेव्हापासून मी इतरांना तीन गोष्टी सुचवतो. पैशांच्या हिशेबातील प्रत्येक नियम, पूर्णांकनासहित, ग्राहकाकडून कागदावर लिहून घ्यावा आणि त्यावर सही घ्यावी. जुनी पद्धत आणि नवे सॉफ्टवेअर किमान एक बिलिंग चक्र समांतर चालवावे. आणि ज्याला आकडा मान्य नाही त्याने काय करायचे, याची वाट पहिल्याच आवृत्तीत असावी. ती ‘नंतरच्या सोयीं’च्या यादीत टाकू नये.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवण्याबाबत वर्गात दहा मिनिटे बोलले गेले. त्या दिवशीच्या उजव्या पानावर नाइट कॅपिटल आहे. या अमेरिकी शेअर दलाल कंपनीत आठ सर्व्हरवर नवा कोड चढवताना एक सर्व्हर वगळला गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यावर वापरातून गेलेला जुना कोड जिवंत झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलर बुडाले. बाजार उघडण्यापूर्वी प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते. ते इशारे आहेत असे कोणी मानलेच नाही. आपल्या प्रणालीतून असे किती ई-मेल रोज येतात आणि ते कोण वाचते, हे त्याच रात्री तपासून पाहावे.

माहिती गोळा करण्याचा मोह

“जेवढा डेटा मिळेल तेवढा साठवा, उपयोग पुढे सापडेल,” हे वाक्य मला दोन वेगवेगळ्या सत्रांत ऐकायला मिळाले. याच्या समोर केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण लिहावे. फेसबुकवरील एका चाचणीच्या ॲपमध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास लोक सहभागी झाले, पण त्यांच्या मित्रयादीतून सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. २०१८ मध्ये ते उघडकीस आले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड झाला. तेथे कोणी कुलूप तोडले नव्हते. फेसबुकने बाहेरच्या ॲपसाठी दार स्वतःच उघडे ठेवले होते. कुलूप तुटण्याची उदाहरणे वेगळी लिहावीत. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीला सॉफ्टवेअरमधील एका दोषाची आणि त्यावरील दुरुस्तीची सूचना मार्च २०१७ मध्येच मिळाली होती. ती दुरुस्ती एका प्रणालीवर झाली नाही आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. आपल्याकडे पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत ऑगस्ट २०१८ मध्ये शिरलेल्या हल्लेखोरांनी दोन दिवसांत अनेक देशांतील एटीएममधून आणि परदेशी खात्यात रक्कम वळवून मिळून सुमारे ९४ कोटी रुपये काढले. पुण्यातील कार्यक्रमात सुरक्षेवर बोलणाऱ्या वक्त्याने या घटनेचा उल्लेखही न करणे मला चमत्कारिक वाटले; कदाचित त्याला वातावरण उत्साही ठेवायचे असेल.

या सत्रानंतर लगेच करण्याचे काम असे : साठवत असलेल्या प्रत्येक रकान्यासमोर तो का हवा आणि केव्हा पुसला जाईल हे लिहावे. ज्यासमोर उत्तर सुचत नाही तो रकाना काढून टाकावा. आमच्या नोंदणी अर्जात उत्पादकाचा आधार क्रमांक, जन्मतारीख आणि एकूण जमीन हे रकाने होते. यांतील एकाचीही दुधाच्या बिलासाठी गरज नव्हती. ते कोणीतरी दुसऱ्या अर्जावरून उचलले होते, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. कायद्याची बाजूही आता सैल राहिलेली नाही. सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. सहा तासांत कोणी कोणाला फोन करायचा, हे दोनच माणसांच्या कंपनीनेही लिहून भिंतीवर लावावे.

आकडे आणि गुंतवणूकदार

नवव्या आठवड्यापासून हवा बदलते. दर सोमवारी वाढीचा आकडा फळ्यावर लिहिला जातो, शेजारच्या संघाचाही लिहिला जातो आणि शनिवारी रात्री ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या थोडी सैल करावीशी वाटते. मला तशी वाटली होती. यावर उपाय एकच आहे, तोही आधीच करून ठेवण्याचा : पहिल्या आठवड्यात, मोह नसताना, प्रत्येक आकड्याची व्याख्या एका वाक्यात लिहावी आणि ती बदलायची असल्यास मागील सर्व आठवड्यांचे आकडे नव्या व्याख्येने पुन्हा काढून दाखवावेत. आमच्यासाठी ग्राहक म्हणजे ‘मागील दहा दिवसांचे बिल ज्याने आमच्या सॉफ्टवेअरमधून काढले ते केंद्र’. या व्याख्येने आमच्याकडे तीन ग्राहक होते. शेजारच्या संघाकडे चार हजार होते.

येथे उजवी पाने भारतीय उदाहरणांनीच भरतात. गाड्यांच्या दुरुस्तीची सेवा देणाऱ्या गोमेकॅनिकच्या एका संस्थापकाने जानेवारी २०२३ मध्ये आर्थिक अहवालात चुका केल्याचे जाहीरपणे मान्य केले; वाढीच्या मागे लागून निर्णय चुकले असे त्याचे म्हणणे होते आणि सुमारे ७० टक्के कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले. बायजूजचे प्रकरण अधिक बारकाईने वाचण्यासारखे आहे. २०२०-२१ चे आर्थिक निकाल जवळजवळ दीड वर्ष उशिरा, सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि साडेचार हजार कोटींहून अधिक तोटा दिसला. लांब मुदतीच्या अभ्यासक्रमाचे पैसे आज मिळाले म्हणून ते आजचेच उत्पन्न धरायचे, की शिकवणे जसजसे होईल तसतसे धरायचे, हा वरकरणी रुक्ष प्रश्न त्या आकड्यांच्या मुळाशी होता. जून २०२३ मध्ये डेलॉइटने लेखापरीक्षकपद सोडले आणि एकेकाळी २२०० कोटी डॉलर मूल्यांकन असलेली कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणून कार्यक्रमात चार्टर्ड अकाउंटंटचे सत्र असेल तर कॉफीसाठी बाहेर जाऊ नये. वार्षिक वर्गणी आगाऊ घेत असाल तर उत्पन्न केव्हा धरायचे, हे तेथेच विचारून घ्यावे.

टर्म शीटबद्दल, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्याबद्दल, एवढेच सांगतो की, न समजलेले कलम ‘स्टँडर्ड आहे’ या उत्तरावर सोडू नये.

डेमो डे

शेवटच्या सादरीकरणाची तयारी दोन-तीन आठवडे चालते आणि ती करून घेणारे लोक खरोखर कुशल असतात. माझी अकरा मिनिटांची रटाळ कहाणी त्यांनी चार मिनिटांवर आणली. मात्र तालमीच्या दिवशी मिल्क ॲनालायझर लॅपटॉपला जोडला जाईना, तेव्हा आयोजकांपैकी एकाने आकडे आधीच भरून ठेवण्याचा सल्ला दिला. मी तसे केले. किटलीतले दूध मशीनमध्ये गेले, पडद्यावर ४.१ उमटले आणि टाळ्या पडल्या. तो आकडा त्या दुधाचा नव्हता.

त्या रात्री थेरानोस या अमेरिकी रक्तचाचणी कंपनीचे पान लिहिले. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर ढीगभर चाचण्या होतात, असे तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स जगाला सांगत होती. प्रत्यक्षात बहुतेक चाचण्या दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ते बाहेर काढले, कंपनीला दोन वर्षांचे आपल्या यंत्रावरील निकाल रद्द करावे लागले, आणि २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्सला अकरा वर्षांहून अधिक कैद झाली. माझे ४.१ आणि ते प्रकरण यांची तुलना करणे अतिशयोक्तीचे आहे, हे मला कळते. पण तालमीच्या दिवशी मला मिळालेला सल्ला आणि त्यावर माझ्या मनात उठलेले समर्थन, की यंत्र उद्या नाहीतरी चालणारच आहे, हे दोन्ही त्याच जातीचे होते. मुख्य कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पडद्याच्या कोपऱ्यात ‘नमुना आकडे’ अशी ठळक पट्टी लावली आणि मशीन अजून जोडले जात नाही, हे तोंडानेही सांगितले. एका गुंतवणूकदाराने नंतर चौकशी केली ती नेमकी त्या जोडणीबद्दलच. पैसे त्याने दिले नाहीत. केबल कोणती वापरावी ते सांगितले आणि ती चालली.

सादरीकरणात प्रत्येक दाव्याच्या शेजारी, आपल्या प्रतीवर, ‘आज होते’, ‘पायलटमध्ये होते’ किंवा ‘होईल अशी अपेक्षा आहे’ यांपैकी एक शेरा लिहावा आणि बोलताना क्रियापद त्याच काळातले ठेवावे. भविष्यकाळाऐवजी वर्तमानकाळ वापरण्याची सवय पिचच्या तालमीत नकळत लागते.

परत आल्यावर

मेंटॉरांपैकी एक-दोन जणांशीच संबंध टिकतो. बाकीच्यांना सहा महिन्यांनी फोन करण्याचे ओझे मनावर घेऊ नये. बॅचमधील माणसे मात्र जपावीत. आमच्यापैकी चौघे जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोनवर भेटतो आणि प्रत्येकाने त्या महिन्यातील स्वतःची एक चूक सांगायची, एवढाच नियम आहे. त्यातून मला फुकटात मिळालेल्या इशाऱ्यांची किंमत करता येणार नाही. चार हजार ग्राहकवाला संघही त्यात आहे. त्यांनी आकडा स्वतःहून दुसऱ्याच महिन्यात दुरुस्त केला.

आमच्या केंद्रांवर आता निघणाऱ्या पावतीवर फॅटचा आकडा मशीनने दिला तसा, दोन्ही दशांश स्थळांसह छापला जातो, त्याखाली दर धरताना घेतलेला आकडा येतो आणि सर्वांत खाली ‘आकडा पटत नसल्यास’ असे लिहून एक मोबाइल क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक माझा आहे. त्यावर आलेला पहिला फोन पहाटे सव्वासहाचा होता, आणि आजोबांची तक्रार अशी होती की, अक्षरे फार बारीक आहेत.